सोंडवाला सरडा: चाळीस वर्षं तो तिथेच होता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मधेमधे अडखळलेलं आणि शेजारच्या कुत्र्याने भुंकून घातलेली भर तेवढी काढून टाकलीये.

आजचा पाहुणा तुमच्या बोटाएवढा आहे. शेपटी सोडली तर ७-८ सेंटिमीटर, बास. राहतो झाडावर, जमिनीवर क्वचितच उतरतो. आणि त्याच्या नाकाच्या टोकाला चक्क सोंड आहे! हत्तीसारखी लांबलचक नाही, पण थोबाडाच्या पुढे सरळ बाहेर आलेली, बाजूने चपटी, मऊ अशी एक पट्टी. फोटो पाहिला तर वाटेल की कुणीतरी ॲपवर फिल्टर लावलाय. खोटं बोललं की नाक वाढणारा पिनोकिओ आठवतो ना? त्यावरून इंग्रजीत याला पिनोकिओ लिझर्ड म्हणतात. शास्त्रीय नाव अनोलिस प्रोबॉसिस. प्रोबॉसिस म्हणजे सोंडच. तेव्हा आपण त्याला सोंडवाला सरडा म्हणू.

पण मी हा विषय सोंडेसाठी घेतलेला नाही. घेतलाय तो एका विचित्र गोष्टीसाठी. १९५३ ते १९६६ या काळात शास्त्रज्ञांच्या हाती या सरड्याचे एकूण ६ नमुने लागले. त्यानंतर जवळपास चार दशकं एकही नाही. लोकांना वाटायला लागलं, संपला बिचारा. आणि मग एक दिवस तो दिसला. पूर्वी सापडायचा त्याच भागात!

मग मधली चाळीस वर्षं तो कुठे होता? कुठेच गेला नव्हता, घरीच होता. कुणाला दिसला नव्हता, एवढंच. "दिसला नाही" आणि "नाही" या दोन वाक्यांत किती अंतर असतं, आणि ते अंतर विसरलं की काय काय बिघडू शकतं, ते आज बघू.

ढगातलं घर

मोबाइलवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडा. वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रशांत महासागराच्या काठाला इक्वेडोर दिसेल. नावच विषुववृत्तावरून पडलेला देश. त्याच्या मधून उत्तर-दक्षिण अशी अँडीज पर्वताची रांग जाते. राजधानी किटो या रांगेतच वसलेली आहे, २८०० मीटरच्या आसपास उंचीवर. किटोहून गाडीने वायव्येकडे, पर्वताच्या पश्चिम उताराने खाली निघालात की साधारण दोन तासांत मिंदो नावाचं छोटं गाव लागतं.

हा सगळा उतार ढगांच्या जंगलाचा. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगरावर चढते, चढता चढता थंड होते आणि तिचे ढग होतात. ते ढग थेट झाडांमध्येच अडकून बसतात. त्यामुळे झाडाची फांदी कोरडी म्हणून नाहीच. प्रत्येक फांदीवर शेवाळ, त्यावर नेचे, त्यावर ऑर्किड, त्यावर आणखी काहीतरी. एका झाडावर दुसरी बाग, असं समजा. पक्षी बघणाऱ्यांच्या जगात मिंदो हे मोठं नाव आहे. हमिंगबर्ड आणि टूकन बघायला दूरदूरच्या देशांतून लोक तिथे येतात.

आपला सोंडवाला याच भागातला. १९५६ मध्ये जेम्स पीटर्स हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि गुस्तावो ओर्सेस हे इक्वेडोरचे प्राणिशास्त्रज्ञ यांनी मिळून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. नमुना मिंदोजवळचाच होता. नाकावर असलं काहीतरी असणारी अनोलची ही दक्षिण अमेरिकेतली तिसरी जात. आधीच्या दोन होत्या पेरूमधली एक आणि ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली एक.

अनोल म्हणजे काय, ते पटकन सांगतो. अमेरिका खंडातल्या सरड्यांचा हा एक प्रचंड मोठा गट आहे. ४०० च्या वर जाती. अमेरिकेच्या दक्षिण भागापासून कॅरिबियन बेटं ते ब्राझीलपर्यंत पसरलेला. बहुतेक अनोल झाडाझुडपांवर राहतात. बोटांच्या खाली पालीसारखे चिकट पट्टे असतात, त्यामुळे गुळगुळीत पानावरही टिकतात. आणि नराच्या गळ्याखाली एक घडीचा पंखा असतो. हवा तेव्हा उघडायचा, दाखवायचा आणि मिटून टाकायचा. हा पंखा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या ६ नमुन्यांबद्दल एक मजेशीर गोष्ट. सहाच्या सहा नर. मादी एकसुद्धा नाही. म्हणजे पन्नासेक वर्षं जगाला या जातीची मादी दिसते कशी हेच माहीत नव्हतं. सोंड तिलाही असते की नाही? कुणालाच ठाऊक नाही.

आपले डोळे कशाला फसतात

तुम्ही म्हणाल, इतका विचित्र प्राणी, इतक्या लोकांची ये-जा असलेल्या भागात, आणि कुणाला दिसत कसा नाही?

याचं उत्तर अर्धं सरड्यात आहे आणि अर्धं आपल्यात.

आधी सरड्याचं बघू. "सरडा" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? कुंपणावर बसलेला, मान वरखाली करणारा, आपण जवळ गेलो की सुर्रकन पळणारा. सोंडवाला यातलं जवळजवळ काहीच करत नाही. अनोलमध्ये बारीक काटक्यांवर राहणाऱ्यांची एक खास तऱ्हा असते. पाय आखूड, अंग सडपातळ, चाल एकदम संथ. बारीक काटकीवर लांब पाय घेऊन पळालात तर तोल जाणारच. तिथे आखूड पायांनी काटकी घट्ट धरून हळूहळू सरकणं परवडतं. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि पोर्टो रिको या चार मोठ्या कॅरिबियन बेटांवर अशा काटकीवाल्या अनोल वेगवेगळ्या वंशांतून, स्वतंत्रपणे तयार झाल्यात. काम तेच, म्हणून घडणही तीच. उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण हमखास दिलं जातं. आपला इक्वेडोरचा सोंडवालाही राहणीने याच थाटाचा आहे. आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, फांदीवरून चालताना पाहिला असेल तर अंदाज येईल. एक पाय उचलायचा, थांबायचा, मग दुसरा. घाई म्हणून नाही.

वर त्याचा रंग. तपकिरी, हिरवट, ठिपक्या-पट्ट्यांचा. शेवाळ चढलेल्या काटकीवर शेवाळ चढलेली आणखी एक काटकी, असं त्याचं रूप.

आता आपल्या डोळ्यांचं. आपली नजर हालचालीवर जाते. पळणारी गोष्ट आपल्याला लगेच दिसते. न हलणारी, आजूबाजूच्या रंगाची, डोक्याच्या वर कुठेतरी पानांत असलेली गोष्ट आपली नजर सरळ ओलांडून जाते. म्हणजे शोधणारा दिवसा जंगलातून चालतोय, वर बघतोय, काही हललं तर टिपायचं म्हणून तयार आहे. आणि ज्याला शोधायचं तो हलतच नाही. झालं! दोघं एकाच झाडाखाली-झाडावर असतील, पण गाठभेट नाही.

इथे थोडं थांबा, कारण खरा मुद्दा हाच आहे. "आम्ही शोधलं, मिळाला नाही," असं कुणी म्हटलं की ते वाक्य प्राण्याबद्दल वाटतं. पण त्या वाक्यात शोधण्याच्या पद्धतीबद्दलची माहितीही तेवढीच असते. कधी शोधलं? दिवसा की रात्री? किती उंचीवर? किती दिवस? कशाच्या उजेडात? ही उत्तरं नसतील तर "मिळाला नाही" या वाक्याला फारसं वजन नाही.

बॅटरीच्या उजेडात

२००४-०५ च्या सुमारास मिंदो भागात पक्षी बघायला आलेल्या लोकांना हा सरडा दिसला. मुद्दाम शोधत नव्हते, अचानक समोर आला. फोटो निघाले, खात्री झाली आणि इक्वेडोरच्या शास्त्रज्ञांनी छापून सांगितलं की जात दुर्मीळ आहे, पण नष्ट झालेली नाही.

एकदा "आहे" म्हटल्यावर लोक नीट शोधायला लागले. आणि नीट म्हणजे कसं? रात्री, कपाळाला बॅटरी लावून.

ही युक्ती समजून घ्या, कारण फार साधी आहे. अनोल दिवसा जागे असतात आणि रात्री झोपतात. झोपायला बऱ्याचदा पानाच्या किंवा बारीक फांदीच्या अगदी टोकाला जातात. कारण असं मानतात की साप किंवा दुसरं कुणी फांदीवरून आलं तर टोक हलतं आणि झोपलेल्याला जाग येते. म्हणजे ही त्यांची फुकटची अलार्म सिस्टिम. दुसरी गोष्ट, झोपेत त्यांचा रंग फिका पडतो. दिवसा जो सरडा काटकीत मिसळून जातो तोच रात्री बॅटरीच्या झोतात गडद पानांच्या पार्श्वभूमीवर पांढुरका, चमकल्यासारखा उठून दिसतो. आणि झोपलेला असल्यामुळे पळत नाही. दिवसा तासन्‌तास पायपीट करून जे मिळत नाही ते रात्री मान वर करून हळूहळू चाललं की मिळू शकतं.

जंगल तेच, झाडं तीच, सरडाही तोच. बदलली ती बघायची वेळ आणि उजेडाची दिशा.

या रात्रीच्या शोधांमुळे आणखी एक कोडं सुटलं, मादीचं. मादी सापडली आणि तिला सोंड नाही! थोबाड इतर अनोलसारखं साधं. आता मागे वळून विचार करा. आधी ज्यांना नर सापडले त्यांना ते ओळखता आले, कारण नाकावर सोंड होती. मादी कुणाच्या समोर आली असती तरी "हीच ती" असं म्हणणार कशावरून? ओळखीची खूणच नाही. म्हणजे जातीची अर्धी लोकसंख्या आपल्याला दिसत नव्हती, कारण आपण जी खूण शोधत होतो ती तिच्याकडे नव्हतीच. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटतो.

२०१३ मध्ये या सरड्याचे झकास फोटो जगभर बातम्यांत फिरले. तुमच्यापैकी कुणी "नष्ट झालेला सरडा सापडला" असलं काहीतरी पाहिलं असेल तर ते हेच. पण आता तुम्हाला माहितीये की तो नष्ट वगैरे काही झालेला नव्हता.

सोंड कशाला?

ठीक आहे, आता सोंडेकडे येतो. नाहीतर तुम्ही रागवाल.

नाकावर शिंग म्हटलं की पहिला अंदाज काय? भांडायला. गेंड्यासारखं. पण या सोंडेत हाड नाही. मऊ आहे, वाकते. असल्या शस्त्राने कुणाला टोचणार? मग दुसरा अंदाज असा की ती दाखवायला असेल. फक्त नराला आहे, मादीला नाही, यावरूनही तोच संशय बळावतो.

हा विचार नवीन नाही. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळलाय. मोराचा पिसारा जगायला तर अडचणीचाच आहे, मग आला कुठून? त्याचं म्हणणं, मादी निवड करते किंवा नर एकमेकांशी चढाओढ करतात आणि त्यातून नरांची असली मिरवायची सामग्री पिढ्यानपिढ्या वाढत जाते. याला लैंगिक निवड म्हणतात. आणि सरडे त्यातून सुटलेले नाहीत! श्रीलंकेतल्या नाकावर शिंग असणाऱ्या सेराटोफोरा सरड्यांचा उल्लेख डार्विनने केलाय. आणि भारतातल्या सिताना या सरड्यांचाही, ज्यांच्या नराला गळ्याखाली रंगीत पंखा असतो.

हा धागा थेट आपल्या घरी येतो. सिताना गटातल्या काही जातींचा २०१६ मध्ये नव्याने अभ्यास झाला आणि त्या वेगळ्या काढून त्यांना नवीन प्रजातीनाम दिलं गेलं. नाव काय दिलं असेल? सरडा! आपला मराठी शब्द, जसाच्या तसा, शास्त्रीय नाव म्हणून. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-काळ्या-नारिंगी पंख्याचा जो देखणा सरडा उन्हाळ्यात दगडावर उभा राहून मिरवतो तो सरडा सुपर्बा. आणि एका जातीला डार्विनचं नाव मिळालं, सरडा डार्विनी. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की मराठीत विज्ञान नाही, तर हे सांगा.

आपल्या पठारावरचे हे सरडे आणि अमेरिकेतल्या अनोल हे जवळचे नातेवाईक नाहीत, बरं का. वेगवेगळी कुटुंबं आहेत. गळ्याचा पंखा दोघांकडे स्वतंत्रपणे आला. "हा मी, ही माझी जागा" हे सांगायची गरज सारखी, म्हणून उत्तरही सारखं निघालं. सोंडेचंही तसंच. इक्वेडोरचा सोंडवाला आणि ब्राझीलच्या ॲमेझॉनमधला नाकावर पान असलेला अनोल सख्खे भाऊ असतील असं दिसण्यावरून कुणालाही वाटेल. पण त्यांच्या वंशावळीचा अभ्यास झाला तेव्हा ते अनोलच्या वेगवेगळ्या फांद्यांवरचे निघाले. म्हणजे एकाच गटात, एकाच खंडात, नाकावरची ही सजावट दोनदा वेगवेगळी तयार झाली.

पण "दाखवायला असेल" हा अजून अंदाजच होता. कुणीतरी प्रत्यक्ष बघायला हवं होतं. तेही झालं. इक्वेडोरमधल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर या सरड्यांच्या भेटीगाठींचं बारकाईने निरीक्षण केलं आणि २०१७ मध्ये ते छापून आलं. नर आपली सोंड वर उचलू शकतो, हे त्यात दिसलं. मादीजवळ जाताना आणि दुसऱ्या नराशी आमनासामना झाला की ती सोंड प्रदर्शनात येते. तलवारीसारखी मात्र तो ती वापरत नाही. थोडक्यात, सोंड म्हणजे शस्त्र नाही, फेटा आहे. लग्नातही बांधायचा आणि रुबाब दाखवायलाही.

आता जरा हिशेब करा. हे सगळं आपल्याला कधी कळलं? तो पुन्हा दिसल्यानंतर. १९६६ नंतर आपण "संपला" म्हणून फाइल बंद केली असती तर सोंड कशासाठी, मादी कशी, रात्री कुठे झोपतो, यातलं एकही उत्तर मिळालं नसतं. काचेच्या बाटलीत ठेवलेले सहा नर आणि खाली एक लेबल, एवढंच उरलं असतं.

नाही म्हटलं की काय होतं

"बरं, एक सरडा दिसला काय, नाही दिसला काय, आपलं काय जातं?" असं कुणी विचारेल. आपलं नाही जात. त्याचं जातं.

२००१ ते २००३ या काळात इक्वेडोरमध्ये एक मोठी तेलवाहिनी बांधली गेली. ॲमेझॉनच्या बाजूचं जड खनिज तेल अँडीज ओलांडून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर न्यायचं, हे तिचं काम. तिचा मार्ग मिंदोच्या वरच्या संरक्षित जंगलातून गेला. प्रचंड विरोध झाला, आंदोलकांनी जंगलात तळ ठोकला. या वादात पक्ष्यांची बाजू मांडायला माणसं होती, कारण पक्षी मोजलेले होते, त्यांच्या याद्या होत्या, ते बघायला पर्यटक येत होते. आणि सोंडवाला? तो शेवटचा मिळून तेव्हा पस्तीसएक वर्षं झाली होती. जो "आहे" हेच नक्की नाही त्याच्या वतीने कोण काय बोलणार? वाहिनी झाली. सरडा पुन्हा दिसला तो त्यानंतर.

म्हणून मी म्हणतोय की "नाही" हा शब्द जपून वापरायला हवा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, जिची धोक्यातल्या प्राण्यांची लाल यादी प्रसिद्ध आहे, तिचा नियमही हेच सांगतो. एखादी जात नष्ट झाली असं जाहीर करायचं तर शेवटचा जीव मेल्याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये. आणि त्यासाठी योग्य अधिवासात, योग्य वेळी कसून शोध घेतलेला असला पाहिजे. दिवसाच्या योग्य वेळी आणि वर्षाच्या योग्य ऋतूत, असंही त्यात आहे. रात्री सहज दिसणाऱ्याला फक्त दिवसा शोधून "संपला" म्हणता येत नाही.

याची उलट बाजूही आहे, तीही सांगतो. "अरे, चाळीस वर्षं दिसला नाही तरी होताच की, मग काळजी कशाला?" हा निष्कर्षसुद्धा तेवढाच चुकीचा. सोंडवाला लाल यादीत "धोक्यात" या वर्गात आहे. आपल्याकडे म्हण आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. जगात तो फक्त इक्वेडोरच्या अँडीजच्या पश्चिम उतारावर, ठरावीक उंचीच्या पट्ट्यात, थोड्याच ठिकाणी सापडतो. कुंपण छोटं आहे आणि आतलं जंगल गायरानासाठी, शेतीसाठी, रस्त्यांसाठी तुटत आलंय. तो वाचला याचं श्रेय आपल्याला नाही. त्याच्या पुरतं जंगल अजून उभं होतं, म्हणून वाचला.

आणि हे जंगल उभं ठेवायला तिथले लोक काय करतायत, तेही ऐका. इक्वेडोरने २००८ मध्ये आपल्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले. नदीला, जंगलाला, जगण्याचा हक्क. असं करणारा तो पहिला देश. कागदावर छान वाटतं, पण उपयोग काय? २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने याच हक्कांचा आधार घेऊन लोस सेद्रोस या ढगांच्या जंगलातलं खाणकाम थांबवलं. हे जंगल मिंदोच्या उत्तरेला, अँडीजच्या याच उतारावर आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये किटोच्या नागरिकांनी थेट मतदान करून आपल्या हद्दीतल्या चोको अँदिनो या जंगलपट्ट्यात धातूंच्या खाणी नकोत असं ठरवलं. दोन तृतीयांशाहून जास्त मतं खाणींच्या विरोधात पडली. मिंदो याच पट्ट्याला लागून आहे.

यातलं काहीही फक्त सोंडवाल्यासाठी झालेलं नाही. पण अशा प्रत्येक वेळी एक यादी पुढे येते, या जंगलात कोण कोण राहतं त्याची. जो या यादीत नाही तो चर्चेतच नाही. आज त्या उतारावरच्या यादीत सोंडवाल्याचं नाव आहे, कारण काही लोकांनी रात्री बॅटरी लावून वर बघितलं.

तुमच्या हातातला फोन

शेवटी दोन-चार कामाच्या गोष्टी, कारण तुम्ही हे बहुतेक फोनवरच वाचताय.

एक. वन्य प्राण्यांच्या नोंदी करायला आयनॅचरलिस्टसारखी ॲप्स आहेत. सरडा, पाल, बेडूक, किडा, काहीही दिसलं तर फोटो काढा, तारीख-ठिकाणासकट टाका. ओळखता आलं नाही तरी चालतं, ओळखणारे लोक तिथे असतात. तुमच्या सोसायटीच्या भिंतीवरची पाल तुम्हाला बिनमहत्त्वाची वाटेल, पण "अमुक साली इथे होती" ही नोंद दहा वर्षांनी कुणाच्या तरी कामाची ठरू शकते.

दोन. रात्री जाताय तर एकटे जाऊ नका. पायात बूट, हातात चांगली बॅटरी आणि सोबत तो भाग माहीत असलेलं माणूस हवं. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. आणि झोपलेल्या प्राण्याच्या डोळ्यांवर बराच वेळ झोत मारू नका, फोटो घेतला की सरका पुढे.

तीन. दुर्मीळ प्राणी दिसला तर त्याचं नेमकं ठिकाण इन्स्टावर टाकू नका. सरडे चोरून विकणारे लोकही तुमची रील बघतात. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण लपवलं जातं, ते यासाठीच.

चार. आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "आमच्याकडे आता काही दिसत नाही हो," असं कुणी म्हणालं, किंवा एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात "परिसरात दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत" असं वाचलंत, तर एक साधा प्रश्न विचारा: कधी बघितलंत? कोणत्या महिन्यात? रात्री गेला होतात का? त्यातून भांडण होईलच असं नाही. पण उत्तर "एप्रिलमध्ये, दुपारी, दोन दिवस" असं आलं, तर त्या अहवालातलं "आढळल्या नाहीत" किती धरायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

या भागावर प्रश्न असतील तर खाली लिहा. आणि कुणी पठारावर पंखा उघडलेला सरडा टिपला असेल तर फोटो नक्की पाठवा, ठिकाण मात्र तुमच्यापाशीच ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि रात्री कधीतरी मान वर करून बघा!